क्रोमच्या अलीकडे

लाईट गेली ती नेमकी कमान क्रोमच्या टाकीत उतरायच्या बेतात असताना. खाजामियाँच्या हातात तांब्याच्या तारेला लटकलेली, जुन्या मोटारीच्या तोंडाची ती कमान तशीच अधांतरी राहिली, कोपऱ्यात घोंघावणारं यंत्र दम टाकून गप्प झालं, आणि पत्र्याच्या त्या शेडमध्ये कुठंतरी थेंब पडत असल्याचा आवाज यायला लागला. तो सकाळपासून येतच असणार. रेवणप्पाला उगीच वाटलं, आपल्याकडं कुणीतरी बोट दाखवलं. लातूरहून नांदेडला तो या कामासाठी दुसऱ्यांदा आला होता, आणि एवढ्या लांब यायचं कारण इतकंच की लातुरात त्या साली प्यायला टँकर लागत होता, तिथं मुलामा धुवायला पाणी कोण देणार. नांदेडला निदान गोदावरी होती. म्हणजे तिचं पात्र तरी होतं. श्रावण चालू होता आणि ऊन चैत्रातलं.

‘गई,’ खाजामियाँ म्हणाला. मुलामा देणाऱ्या माणसाचे हात असतात तसे त्याचे हात, नखांपाशी हिरवट. ‘बसा सेठ. आली की दोन मिनिटांचं काम. क्रोममधी बुडवली, पाण्यातून काढली, की थोबाड बघून घ्या त्यात. लग्नाच्या वक्ताला होतं तसं दिसंल.’

‘लग्नाच्या वक्ताला बी असंच होतं.’

‘मग क्रोमचा काही कसूर नाही,’ खाजामियाँ म्हणाला आणि कमान दारापाशी पोत्यावर ठेवून बिडी ओढायला बाहेर गेला.

पोत्यावर आधीच दिव्यांच्या दोन कड्या, दारांच्या मुठी आणि पुढच्या काचेची चौकट मांडलेली होती. रेवणप्पा भांड्यांचा व्यापारी. धातूकडं बघायची त्याला सवय होती, म्हणजे धातूमागच्या माणसाकडं. एखादी बाई पितळेचा हंडा मोडीत घालायला आली की हंड्याचा पोचा बघून तो सांगू शकत असे, हा आडात पडला की नवऱ्यानं फेकला. पण इथं त्याला काही सांगता येईना. तो पांढऱ्या, निळसर, डोळ्यात घुसणाऱ्या चमकीची वाट बघत आला होता, आणि पोत्यावर पडलं होतं ते जास्त आटवलेल्या दुधासारखं, आत कुठंतरी पिवळं धरलेलं. त्यात त्याचा चेहरा होता, पण कडा नसलेला, जरा कमी म्हातारा. तो आणखी वाकला. आधी त्याला वाटलं, उजेडाचा खेळ असेल. मग कळलं, हा रंग आपल्या ओळखीचा आहे. गाडी अशीच होती. क्रोम व्हायच्या आधी, वडील, आप्पा, होते तेव्हा, ही कमान अशीच होती.

‘मियाँ, हे काय हाय?’ त्यानं दाराबाहेर विचारलं.

‘कोणतं? ते निकेल. आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम.’ खाजामियाँनं धूर सोडला. ‘क्रोम म्हणजे काय सेठ, नुसता वर्ख. जान सगळी निकेलची. मिठाईवर वर्ख असतो का नाही, तसा.’

‘आणि वर्ख नाहीच लावला तर?’

‘खायला चालंल की. दुकानात मांडायला नाही चालणार.’ तो हसला. ‘आणि घासावं लागतंय. हप्त्यात पिवळं, महिन्यात धुरकट. क्रोमला वीस साल बघायचं काम नाही. तुमच्या घरी घासायला कोण हाय?’

‘हायत की,’ रेवणप्पा म्हणाला. ‘माणसं हायत.’

हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. गिऱ्हाइकाला ‘हे शेवटचंच पातेलं हाय’ असं सांगावं तसं. घरात कोण होतं? बायको, शांतम्मा, वारली होती. मुलगी गुलबर्ग्याला दिलेली, ती पत्र पाठवायची आणि पत्रात तब्येतीला जपा म्हणायची. स्वयंपाकाला येणारी बाई भाकरी झाकून ठेवून निघून जायची, आणि तो दुकानातून आला की भाकरीवरची परात उचलायचा, तेव्हा परातीचा जो आवाज व्हायचा तो त्या घरातला संध्याकाळचा पहिला आवाज असायचा. आणि दोन गल्ल्या सोडून, औशाच्या रस्त्याला, नव्या बंगल्यात अण्णा होते. थोरले भाऊ, चन्नबसप्पा. त्यांच्याशी रेवणप्पाचं भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं, असं तो कधी कधी मनाशी म्हणे. भांडण ही निदान एक नोंद असते, ती खोडता येते, तिच्यापुढं काहीतरी लिहिता येतं. कोऱ्या पानाचं काय करायचं?

गाडी दोघांची होती. तेवढीच वाटायची राहिली होती. आप्पांनी ती निजामाच्या राज्यात हैदराबादच्या एका जहागीरदाराच्या पुतण्याकडून घेतली, आणि लातुरात भांड्यांच्या व्यापाऱ्यानं मोटार घेतली म्हणून लोक तिला ‘पातेलं’ म्हणायला लागले. आप्पांना त्याचा राग नव्हता. सोमवारी पूजा झाली की ते विभूतीच्या गोळ्याचा तुटलेला चुरा, जो कपाळाला लावायच्या कामाचा उरत नसे, तो एका वाटीत घेऊन गाडीच्या शेडमध्ये यायचे. अव्वा, म्हणजे आई, ओरडायची, ‘देवाची विभूती गाडीला लावता?’ आप्पा म्हणायचे, ‘गाडीला कपाळ न्हाई का?’ मग तो चुरा आणि जुन्या धोतराचा तुकडा दोघा पोरांच्या हातात देऊन ते दुकानाला जायचे, आणि कमानीच्या एका अंगाला अण्णा, एका अंगाला रेवणप्पा, असे दोघं बसायचे. निकेल आठवड्यात मळकं व्हायचं. घासलं की आधी काळं पाणी सुटायचं, मग करडं, मग एकदम आतून उजेड यायचा. तो उजेड आला की बोलणं थांबायचं आणि पुढच्या हाताखाली पुन्हा सुरू व्हायचं. हात गुंतलेले असले की माणूस कसं बोलतो! एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, नजर घासायच्या जागेवर, आणि तोंडातून जे यायचं ते येतं. रझाकारांच्या साली गाडी रातोरात औशाच्या शेतात कडब्याच्या गंजीत दडवली होती. बाहेर काढली तेव्हा निकेल तव्यासारखं काळं. ती घासताना एका सोमवारी अण्णा मान वर न करता म्हणाले होते, ‘रेवण, त्या रात्री मी लई भ्यालो होतो. आप्पांना सांगू नको.’ रेवणप्पानं सांगितलं नव्हतं. आप्पांना नाही, शांतम्मालाही नाही. इतक्या वर्षांत कुणी त्याच्याजवळ एवढं मोलाचं काही ठेवायला दिलं नव्हतं, आणि दिलेलं परत मागायलाही कुणी आलं नव्हतं.

मग अण्णांनी सोलापूरहून क्रोम करून आणलं. तेव्हा आप्पांची नजर गेली होती. त्यांनी कमानीवरून नुसता हात फिरवला आणि म्हणाले, ‘गार लागतंय.’ गावानं येऊन बघितलं. विजेच्या दिव्याला रंग असतो तसला रंग. पुढच्या सोमवारी सवयीनं दोघं भाऊ शेडमध्ये आले आणि उभे राहिले. नोकरानं ओल्या फडक्यानं पुसून ठेवलं होतं. अण्णांनी अंगठा फिरवून बघितला, अंगठा स्वच्छ निघाला. ‘काम सुटलं बघ,’ ते म्हणाले आणि गेले. त्या सकाळी शांतम्मानं दर सोमवारसारखा दोन कप चहा पाठवला. एक कप परत आला तेव्हा ती चौकटीत उभी राहून म्हणाली, ‘आता दोघं कुठं बसणार?’ रेवणप्पा म्हणाला, ‘बसायचं काय काम हाय?’ ती कप घेऊन आत गेली. तिचं असंच होतं. योग्य जागी बोट ठेवायची आणि काढून घ्यायची. पुढं वाटण्या झाल्या त्याही कशा, तर दोघंही ‘तूच घे, तूच घे’ म्हणणारे. गावात अजून उदाहरण देतात. शांतम्मा गेली तेव्हा अण्णांनी सगळं चोख केलं. जंगमाला बोलावण्यापासून माती देईपर्यंत रेवणप्पाला कशाकडं बघावं लागलं नाही. सगळे गेल्यावर अण्णा त्याच्याजवळ येऊन बसले. दोघांचे हात आपापल्या गुडघ्यांवर. दोघंही आपापल्या हातांकडं बघत बसले, बराच वेळ, आणि त्या रिकाम्या हातांना बोलण्यासारखं काही सापडलं नाही.

म्हणजे हे सगळं क्रोममुळं झालं? रेवणप्पानं स्वतःलाच विचारलं, आणि त्याला स्वतःचंच हसू आलं. पितळ मोडीत घेऊन गावभर स्टील घालणारा माणूस हे म्हणतोय. कल्हईवाला गल्लीत यायचा बंद झाला तो कुणामुळं? स्टीलला कल्हई लागत नाही, चिंच लागत नाही, राख लागत नाही, हे बायांना सांगून सांगून त्याचा घसा बसला होता. ‘काम सुटलं बघा वैनी,’ हेच त्याचं वाक्य. बाया खुशीत जायच्या. सुटलेल्या कामाबरोबर आणखी काय काय जातं, हे दुकानदारानं सांगायचं नसतं. ते पावतीत येत नाही.

खाजामियाँच्या शेडमागं एका बोअरपाशी बायांच्या घागरींची रांग होती. शेडमधून एक नाली त्या अंगाला जात होती, आणि त्यातलं पाणी पिवळंजर्द होतं, पितळेपेक्षा पिवळं. एक बाई घागर उचलून नालीपासून लांब सरकवत खाजामियाँला म्हणत होती, ‘आज बंद ठेवा की हो मियाँ, पाणी कडू लागून राहिलंय.’ ‘लाईटीनंच बंद ठेवलंय ना माय,’ खाजामियाँ म्हणत होता, ‘मी काय करून राहिलो? बिडी पिऊन राहिलो.’ रेवणप्पानं ते ऐकलं आणि त्याच्या व्यापारी मनानं ते लगेच उचलून बाजूला ठेवलं. अण्णांना सांगायला हे कारण बरं होतं. म्हणजे आपण ठरवलंय, हे त्याला त्या क्षणी कळलं. कारण शोधायला लागला की माणसाचं ठरलेलं असतं. गिऱ्हाईक ‘जरा जास्तच जड हाय’ म्हणायला लागलं की ते पातेलं घेणार, हे तो पोरवयापासून ओळखत आला होता.

पण ठरवलं ते काय, हे मनाशीसुद्धा नीट मांडायची त्याला लाज वाटत होती. निकेल ठेवायचं. ते मळेल. मळलं की घासावं लागेल. घासायला एकटा पुरणार नाही, आणि गाडी दोघांची आहे. एवढंच. पंचावन्न वर्षांचा माणूस भावाला आपल्याजवळ बसवायला मोटारीचा मुलामा मध्येच थांबवतो, हे कुणाला सांगितलं तर तो डॉक्टरचा पत्ता देईल. आणि उलट पारडंही त्याला दिसत होतं. अण्णा नव्या जिल्ह्याच्या सोहळ्याच्या समितीत होते. जुनं क्रोम सोललेलं बघून त्यांनी स्वतः येऊन सांगितलं होतं, ‘क्रोम. आरशासारखं. जिल्हा होऊ लालाय रेवण, उस्मानाबादचं शेपूट सुटलं आपलं. मिरवणुकीत आपली गाडी सगळ्यात पुढं हाय.’ किती वर्षांनी अण्णा त्याच्या शेडमध्ये आले होते, कितीतरी वर्षांनी त्यांनी ‘आपली’ म्हटलं होतं. त्या मिरवणुकीत त्यांची शोभा झाली, तर आहे तेवढंही जाईल. लग्नकार्याला शेजारी बसणं, सणाला वैनींनी पाठवलेला डबा, रस्त्यात भेटल्यावर ‘बरं हाय ना?’ हे सगळं. फार नव्हतं, पण शिलकीत तेवढंच होतं.

लाईट आली. यंत्र घोंघावायला लागलं, थेंबांचा आवाज बुडाला. खाजामियाँनं बिडी विझवली आणि कमान तारेला अडकवली.

‘राहू दे,’ रेवणप्पा म्हणाला.

‘क्या राहू दे?’

‘असंच राहू दे. निकेलच.’

खाजामियाँनं त्याच्याकडं नीट बघितलं. ‘सेठ, उपाशी हाव का? चहा मागवू?’

‘मियाँ, बांधून दे.’

‘तुमचे भाऊसाब क्रोम बोलले होते. मागच्या खेपेला तुम्हीच सांगितलं. ते माझ्या नावानं बोंब मारतील, नांदेडवाल्यानं कच्चं काम दिलं म्हणून.’

‘तुझं नाव न्हाई सांगत.’

‘अरे मग कोणाचं सांगता?’ खाजामियाँ कड्या कागदात गुंडाळत म्हणाला, आणि गुंडाळता गुंडाळता एक कडी दाराच्या उजेडात धरून जरा वेळ बघत राहिला. ‘चीज मात्र नरम दिसतेय,’ तो स्वतःशीच म्हणाला. ‘पण लोकांना नरम नको ना, सेठ.’

परतीच्या एस.टी.त पोतं मांडीवर घेऊन रेवणप्पा कारणं मांडत राहिला. लोह्यापर्यंत त्याच्याजवळ तीन चांगली कारणं होती: लाईट नव्हती, पाणी नव्हतं, बायांचं पाणी कडू होत होतं. अहमदपूर येईपर्यंत तिन्ही फिकी पडली. बाहेर पेरलेलं उगवून करपलेलं रान होतं, आणि रस्त्याकडेला टँकरची वाट बघत बसलेली माणसं एस.टी.कडं अशी बघत होती जणू त्यांच्यातलंच कुणीतरी उतरणार. शेजारचा म्हातारा म्हणाला, ‘पोत्यात काय हाय, कोंबडं?’ ‘गाडीचं तोंड हाय,’ रेवणप्पा म्हणाला. म्हाताऱ्यानं मान डोलावली, जणू हे नेहमीचंच, आणि पुढं लातूर येईपर्यंत त्याच्याशी बोलला नाही. रेवणप्पाला वाटत होतं, आपण खरं कारणच सांगावं. ‘अण्णा, तुम्ही येऊन बसावं म्हणून.’ त्यानं ओठ हलवून बघितले. हे वाक्य त्याच्या तोंडात मावत नव्हतं. त्याच्या घरात असलं वाक्य कुणी कधी बोललेलंच नव्हतं, मग ते ठेवायला जागा कुठली असणार.

अण्णा दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आले तेव्हा मिस्त्री कमान बसवत होता. अण्णा पांढऱ्या सफारीत, खिशाला समितीचा बिल्ला. ते लांबूनच थांबले.

‘हे काय?’

‘लाईट न्हवती, अण्णा.’

‘मग थांबायचं. नांदेडला धर्मशाळा न्हाईत का?’

‘पाण्याची बी वढ होती.’

‘वढ सगळीकडं हाय. लोकांनी तोंडं धुवायची सोडली का?’ अण्णांनी जवळ येऊन वाकून बघितलं. रेवणप्पा त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होता. आता त्यांना आठवेल, असं त्याला वाटत होतं. आता ते म्हणतील, हे तर आप्पाच्या वेळचं. निकेलमध्ये अण्णांचा चेहराही आला होता, कडा नसलेला, आणि त्या एका क्षणात तो खरोखर कडब्याच्या गंजीपाशी उभ्या असलेल्या पोराचा दिसला. पण अण्णा स्वतःला बघत नव्हते. डाग बघत होते. ‘आता काय, उद्या मिरवणूक. हार घाला भरपूर, झाकून टाका,’ ते मिस्त्रीला म्हणाले. ‘सोहळा झाला की परत पाठव नांदेडला, रेवण. लाईट येईल तवा.’

मिरवणुकीत झेंडूच्या हारांनी कमान झाकली, पण उन्हानं आणि गर्दीच्या हातांनी हार सरकले. मागच्या गाड्यांची क्रोमची तोंडं डोळे दिपवत होती. रेवणप्पा फुटपाथवर भांड्यांच्या दुकानदारांबरोबर उभा होता. गाडी समोरून गेली. आत अण्णा पाहुण्यांशेजारी हात जोडून. कुणीतरी म्हणालं, ‘पातेल्याला कावीळ झाली का रे?’ आणि दुकानदार हसले, त्यात रेवणप्पाचाही आवाज होता, कारण न हसणं जास्त दिसलं असतं. अण्णांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांचे जोडलेले हात एक क्षण खाली आले आणि परत वर गेले. नवा जिल्हा ढोलताशात पुढं निघून गेला, आणि रस्त्यावर पायाखाली आलेला झेंडू राहिला. त्या संध्याकाळी पाऊस आला नाहीच.

मग ते मळायला लागलं. खाजामियाँ म्हणाला होता तसंच. आधी पिवळं, मग श्वास टाकलेल्या आरशासारखं. रेवणप्पा दर सोमवारी दुकान उशिरा उघडायला लागला. शेडमध्ये जाऊन जुन्या स्टुलावर बसायचा. समोर फडकं ठेवलेलं असायचं, पण तो हात लावत नसे. एकट्यानं घासलं तर ते घासणंच झालं असतं, आणि घासायला त्याला कधीच आवडलं नव्हतं. त्याला बसायला आवडायचं. अण्णा आले नाहीत. वैनींचा सणाचा डबा आला, त्याबरोबर चिठ्ठीही नाही. शेडची एक किल्ली पहिल्यापासून अण्णांकडं असे, पण त्या कुलपाला आता फक्त रेवणप्पाचाच हात लागत होता. दिवाळी झाल्यावर एक दिवस तो उठला आणि अण्णांच्या दुकानी गेला. कुणी मरण पावलेलं नसताना आणि कुणाचं लग्न नसताना तो तिथं गेला, म्हणून अण्णांनी नोकराला पाणी आणायला पाठवलं आणि काळजीनं विचारलं, ‘काय झालंय?’

‘काही न्हाई. गाडीचं.’

‘पाठवलास का नांदेडला?’

‘न्हाई. मला असंच पाहिजे, अण्णा. लाईट होती त्या दिवशी. आली होती. मीच नको म्हणलो.’

अण्णा बघत राहिले. ‘कशामुळं?’

‘आप्पाच्या वेळी असंच होतं.’

‘ते मला ठाऊक हाय. कशामुळं, ते विचारू लालोय.’

रेवणप्पा अण्णांच्या टेबलावरच्या काचेकडं बघत म्हणाला, ‘सोमवारी आपण बसायचो.’

अण्णांनी टेबलावरचं पेन उचलून परत ठेवलं. बाहेर कुणीतरी हमालाला शिव्या देत होतं. मग अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज समितीतला नव्हता, ‘रेवण, मला त्या सोमवारांचा वीट आला होता. नखं काळी व्हायची. कॉलेजातली पोरं हसायची, कल्हईवाल्याचं पोरगं म्हणायची. पहिल्यांदा माझ्या हातात कारभार आला तवा आधी काय केलो? सोलापूरला जाऊन क्रोम करून आणलो. तुला बी सोडवलं म्हणून मी खूश होतो.’

‘गाडी गंजीतून काढली त्या सालचं आठवतं?’ रेवणप्पानं विचारलं. ‘तुम्ही एक सांगितलं होतं.’

‘काय सांगितलो होतो?’

अण्णांना खरंच आठवत नव्हतं. ते त्यांच्या कपाळावर दिसत होतं. रेवणप्पाला वाटलं, आता सांगावं. आणि मग वाटलं, ज्याचं त्याला आठवत नाही ते आपण इतकी वर्षं कुणाचं सांभाळलं? ‘काही न्हाई,’ तो म्हणाला. ‘काहीतरी गमतीचं होतं.’ पाणी आलं. तो प्याला आणि उठला. अण्णा दारापर्यंत आले. हात वर करून खाली केला, एवढंच. घरी येताना रेवणप्पाला नवल वाटत होतं की दुःख झाल्यासारखं वाटत नाहीये; नुसतं असं वाटतंय की एका मोठ्या दुकानात आपण गिऱ्हाइकासारखे फिरत होतो आणि आता कळलंय, ते दुकान आपलंच होतं, दुसरं कुणी त्यात कधी आलंच नव्हतं. पुढचे सोमवार तो शेडकडं गेला नाही. थंडी पडली. कमान आता धुरकट, तिच्यात कुणाचा चेहरा येत नव्हता.

पौषात मुलीकडं गुलबर्ग्याला जाऊन आला. आल्यावर सामान टाकून, मिस्त्रीनं श्रावणात ठेवून घेतलेला पाना शेडमध्ये परत आणून टाकला असेल का, ते बघायला गेला. दार उघडलं तेव्हा आधी त्याला लवंगेचा वास आला. दंतमंजनाचा. मग दिसलं. कमानीची अर्धी बाजू घासलेली होती. मधोमध, शेंड्यापासून खाली, जणू दोरी धरून आखावी तशी रेघ. रेघेच्या एका अंगाला आटवलेल्या दुधाचा तो उजेड, दुसऱ्या अंगाला धूर. खाली जमिनीवर पांढऱ्या भुकटीचा सडा, आणि ती पुसायचीही तसदी न घेतलेली. नोकराकडून करून घेतलं असतं तर त्यानं पुरती घासली असती, आणि ब्रासो पॉलिशनं घासली असती. हे दंतमंजन घरातून उचलून आणलं होतं, कुणाला न सांगता. घासलेल्या अंगाचे कोपरे काळेच राहिले होते. अण्णांच्या हाताला कोपरे कधी सापडले नव्हते. आप्पा म्हणायचे, चन्नबसप्पा सडकेनं जातो, गल्लीत शिरत न्हाई.

रेवणप्पा स्टूल ओढून बसला. तो माणसं ओळखणारा. आणि हा हिशेब त्याला लागेना. दमले म्हणून अर्ध्यावर सोडलं? ‘माझ्या वाटणीचं मी केलं, आता आपला संबंध संपला’ असं? की रेघेच्या पलीकडलं त्याच्यासाठी ठेवलं? अण्णा इथं एकटे बसून घासत असतानाचं चित्र त्यानं डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला. सफारीच्या बाह्या वर करून, नखं काळी करून घेत, समोरच्या रिकाम्या जागेकडं न बघता. ते बोलले असतील का काही, स्वतःशी? आपण गुलबर्ग्याला आहोत हे त्यांना माहीत होतं की नव्हतं? माहीत असून आले असतील तर एक अर्थ. नसून आले असतील, आणि दार उघडून कुणी दिसलं नसेल, आणि तरी बसले असतील, तर दुसरा. विचारायला जाता येत होतं. दोनच गल्ल्या.

त्यानं फडकं उचललं. उताण्या झाकणात थोडं दंतमंजन उरलं होतं, त्यात बोट बुडवलं. आपल्या अंगाच्या धुरावर तो हात नेला, आणि टेकवणार तोच थांबला. हे घासलं की कमान पुरी होईल. पुरी झालेली कमान बघायला कोण येतं? अण्णा येतील, लांबून बघतील, मान डोलावतील, म्हणतील, झालं काम. त्यानं बोट धोतराला पुसलं. मग फडक्याचं टोक ओलं करून अण्णांनी सोडलेले काळे कोपरे तेवढे, नखानं, हळूहळू, एक एक करून साफ केले. त्याला ते येत होतं. बाकी आपला अर्धा भाग त्यानं होता तसा ठेवला, मळका, बोटसुद्धा न लावता, आणि दार ओढून घेतलं.

अण्णा बघतील तेव्हा चिडतील. ‘माझं केलो, तुझं तसंच?’ म्हणतील. चिडायला तरी यावं लागतं.